मालनच्या रेघा

फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडं हळद शिजायला लागते. पूर्वी मळ्यामळ्यांत काहिली चढायच्या, खाली पाचटाचा जाळ आणि वर वाफेचे लोट. आता लोखंडी पिंपांत वाफ सोडतात आणि काम लवकर उरकतं. वास मात्र तोच आहे, ओल्या मातीचा, कडवट, कपड्यांत येऊन बसणारा. परवा सकाळी खिडकी उघडली आणि तो आत आला. शेजारची सूनबाई म्हणाली, "मावशी, लग्नघरासारखं वाटतंय ना?" मी हो म्हटलं. पण मला लग्नघर आठवत नव्हतं. मला माझा उजवा कान आठवत होता, त्यावर आठ-आठ तास चेपून बसलेला हेडसेट आठवत होता, आणि एका मुलीचा मी केलेला मत्सर आठवत होता. त्या वेळी मी त्याला मत्सर म्हटलं नसतं. शिस्त म्हटलं असतं.

मी टेलिफोन ऑपरेटर होते. गाव सांगली आणि विट्याच्या मधलं, नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून हयात आहेत. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. विहिरींना पाणी आलं होतं आणि माणसं पुन्हा हळद लावायला लागली होती. तेव्हा आकडे फिरवून फोन लागत नसे. कुणी घरचा फोन उचलला की आमच्या बोर्डावर त्या नंबरची बारीकशी झडप टप्पकन पडायची. तिथं प्लग खुपसायचा, "नंबर सांगा" म्हणायचं आणि दुसरा प्लग हव्या त्या नंबरात घालायचा. परगावचा ट्रंक कॉल असला तर चिठ्ठीवर नोंद करायची, लाइन मिळेपर्यंत माणसाला थांबवायचं, मिळाली की जोडायचं, आणि तीन मिनिटं झाली की मध्येच बोलून तसं सांगायचं.

एरवी हे काम अंगावर येत नसे. हळदीच्या हंगामात यायचं. सांगलीच्या बाजारात सौदे सुरू झाले की आमच्या गावातले अडते, दलाल, शेतकरी सगळ्यांना एकाच वेळी मुंबई हवी असायची, राजकोट हवं असायचं, दिल्ली हवी असायची. त्यातच लग्नसराई. त्यातच विट्याकडची सोनं गाळणारी माणसं. कुणी मद्रासला, कुणी कोइमतूरला, कुणी पार कलकत्त्याला दुकान टाकून बसलेली. त्यांच्या घरचे फोन. बोर्डावर एका वेळी दहा-दहा झडपा पडलेल्या असायच्या आणि प्रत्येक झडपेमागं एक माणूस वैतागलेला असायचा.

बोर्डाला दोन खुर्च्या होत्या आणि बाजूला चौकशीचं टेबल. दिवसा आम्ही तिघी असायचो, नऊ ते पाच. तिघीही एकदम यायचो, एकदम जायचो. मी सगळ्यांत जुनी. मूळची मलकापूरची, ऊसवाल्यांच्या घरातली. वडील सुभेदार होऊन परतलेले. "ड्यूटीवरचा माणूस बसत नाही," असं ते जेवतानासुद्धा म्हणायचे. माझं लग्न जमता जमता राहून गेलं, तेव्हा मी नोकरीच घट्ट धरली. आमच्या घरातलं हाय-न्हाई मी ट्रेनिंगला जाताना कराडच्या स्टँडवरच सोडून आले होते. माझा आवाज सगळ्या बाजारपेठेला माहीत होता. अडते फोन उचलून नंबर सांगायच्या आधी विचारायचे, "वत्सलाबाई आहेत ना?" सहा वर्षांत मी एकही रजा घेतली नव्हती. ही गोष्ट मी लोकांना सांगायचे, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

दुसरी प्रमिला. सव्वीसची असेल. दोन लहान मुलं, नवरा सांगलीला नोकरीला, आठवड्यानं येणारा. हात फार चपळ. त्या वर्षी जानेवारीपासूनच तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. एकदा तीच हसत हसत म्हणाली, "काल मुलानं हाक मारली, तर मी त्याला म्हटलं, नंबर सांगा." आम्ही हसलो. ती हसायची थांबली तरी तिची हनुवटी थोडी थरथरत होती, ते मी पाहिलं होतं. पाहिलं आणि चिठ्ठ्या लावायला घेतल्या. आताच्या मुलांकडं या थकव्याला शब्द आहे, त्याच्यावर त्यांच्या कंपन्यांत व्याख्यानं होतात. आमच्याकडं दोनच शब्द होते. काम करणारी आणि कामचुकार. थकलेली असा तिसरा शब्द बोलायची कुणाची तयारी नव्हती, माझी तर नव्हतीच.

तिसरी मालन. ती त्याच जानेवारीत आली.

मालन माणदेशाकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. साताऱ्याला वसतिगृहात राहून मॅट्रिक झालेली. उंच, काळीसावळी, चालताना हात मोकळे सोडणारी. बोर्डावर बसली की अगदी स्वच्छ पुस्तकी बोलायची, आणि हेडसेट काढला की दुसऱ्या क्षणाला तिच्या गावचं. ही ये-जा तिला कशी जमते याचं मला पहिल्याच दिवशी वाईट वाटलं. मी एक बोली टाकून दुसरी मिळवली होती. हिनं काहीच टाकलं नव्हतं.

आणि ती उठायची. दोन तास झाले की उठायची, माठातलं पाणी प्यायची, खिडकीशी उभी राहून लांबवर बघायची आणि मग परत बसायची. मी मनात मोजायचे. एक दिवस म्हटलंच, "मालन, बोर्ड भरलाय."

"व्हय ताई. म्हणूनच उठले. डोळं ताजं नसलं की चुकीच्या भोकात प्लग जातोय."

"आम्ही नाही उठत."

"बघतीया की," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तेच मला जास्त लागलं.

दुपारी डबा खाल्ला की ती टेबलावर हात ठेवून त्यावर डोकं टेकायची आणि दहा मिनिटं खरोखर झोपायची. मला रात्री अंथरुणात झोप लागत नव्हती, कानात झडपा पडत राहायच्या. आणि ही माझ्यासमोर भरदिवसा झोपलेली. तिचा चेहरा झोपेत लहान मुलीसारखा व्हायचा. मी त्या चेहऱ्याकडं बघत बसायचे.

फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं की ती काहीतरी लिहिते. वापरलेल्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीच्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी. दर अर्ध्या तासाला नवी ओळ. आठ दिवस हे चाललं होतं. मला वाटलं माझ्या चुका मोजते आहे. नवव्या दिवशी ती त्या चिठ्ठ्या घेऊन कुलकर्णीसाहेबांच्या टेबलाशी गेली. कुलकर्णीसाहेब आमचे सुपरवायझर, भला आणि भित्रा माणूस. मी बोर्डावरून कान तिकडंच लावला होता.

"साहेब, हे बघा," मालन सांगत होती. "सकाळी दहा ते एक लय गर्दी. चार ते सहा परत गर्दी. एक ते चार रेघाच न्हाईत. तरी तवा आमी तिघी बसून. आन गर्दीला बी तिघीच. पाचला तिघी उठलो की सहापातूर रात्रपाळीचा एकच माणूस मार खातोय."

"मग काय करायचं म्हणतेस?"

तिनं सांगितलं ते असं. जिचं घर जवळ आहे तिनं दुपारी एकला घरी जावं आणि चारला येऊन सहापर्यंत बसावं. दुपारी बोर्डावर एकजण पुरे. सकाळच्या तीन तासांना शकुंतलाबाईंना बोलवावं. या शकुंतलाबाई पूर्वी आमच्याच ऑपरेटर होत्या, लग्नानंतर नोकरी सोडलेली, घर एक्स्चेंजच्या मागच्या गल्लीत. त्या आल्या की चौघींत एक मोकळी राहील. तिनं दर दोन तासांनी एकीला उठवून दहा मिनिटं तिच्या जागी बसावं. आणि आठवड्यातून एक दिवस प्रत्येकीला सुट्टी, ठरलेल्या वाराची, न मागता.

"हे तुला सुचलं कुठून?" साहेबांनी विचारलं.

"आमच्याकडं कळपामागं एकच माणूस दिवसभर न्हाई चालत साहेब. माणूस दमला की मेंढरू हरवतंय."

साहेबांनी बराच वेळ चिठ्ठ्या पाहिल्या आणि हंगामापुरतं करून बघू म्हणाले. मी संध्याकाळी त्यांना म्हटलं, "नियमात बसेल का साहेब?" ते म्हणाले, "वत्सलाबाई, बसेल तसं बसवू."

आणि ते बसलं. हेच मला सहन झालं नाही. पंधरा दिवसांत प्रमिलाच्या डोळ्यांखालचं काळं फिकं झालं. ती दुपारी घरी जाऊन मुलांना जेवू घालायची, त्यांच्याशेजारी आडवी व्हायची आणि चारला न्हाऊन-माखून आल्यासारखी यायची. शकुंतलाबाई पुन्हा हेडसेट लावायला मिळाला म्हणून खूश. बोर्डावरची भांडणं कमी झाली. अडत्यांची ओरड कमी झाली. दर दोन तासांनी कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावायचं, "ताई, उठा, मी बसते," आणि मला उठावं लागायचं. खुर्ची गरम असतानाच तिथं दुसरी बसायची आणि त्याच अडत्याशी त्याच सफाईनं बोलायची. मी खिडकीशी उभी राहायचे. बाहेर हळदीचे ट्रक चाललेले असायचे. त्या दहा मिनिटांत काय करायचं मला माहीत नव्हतं.

माझी सुट्टी मंगळवारची ठरली. पहिल्या मंगळवारी मी सकाळी उठून खोली झाडली, डाळ निवडली, केस धुतले, आणि अकरा वाजता डबा विसरल्याचं निमित्त करून एक्स्चेंजात गेले. दाराशीच थांबले. आतून आवाज येत होते. माझ्या खुर्चीत मालन होती. कुणीतरी अडत्यानं माझी चौकशी केली असावी, कारण ती म्हणाली, "आज त्यांची सुट्टी आहे. मी जोडून देते." आणि लगेच, "मुंबई लागली, बोला." तेवढंच. त्या अडत्यानं दुसरं काही विचारलं नाही. माझ्या सहा वर्षांच्या जागी अर्ध्या मिनिटात दुसरं माणूस बसलं आणि मुंबई लागली.

मी आत न जाता परत फिरले. रस्ताभर मी मालनला मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. ती आजारी पडावी असंही वाटलं. निदान तिचा आवाज तरी बसावा.

मार्चच्या मध्याला वरच्या ऑफिसातून तपासणीचे साहेब आले. रजिस्टरं पाहिली, बोर्ड पाहिला आणि सगळ्यांत जुनी म्हणून मला विचारलं, "सगळं ठीक?" कुलकर्णीसाहेब शेजारीच उभे होते. मी शांतपणे म्हटलं, "काम ठीक आहे साहेब. पण सध्याच्या वेळांना मंजुरी नाही. आणि नोकरी सोडलेल्या बाईंना बोर्डावर बसवलं जातं." मी बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणून तर मला बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी सगळं बंद. पुन्हा तिघी, पुन्हा नऊ ते पाच. शकुंतलाबाई न सांगता आल्या होत्या, त्यांना दारातूनच परत पाठवलं. कुलकर्णीसाहेब माझ्याकडं न बघता बोलायला लागले. मालननं विचारलं, "ताई, तुमी सांगितलं?" मी म्हटलं, "त्यांनी विचारलं." तिनं हेडसेट लावला आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाली, "नंबर सांगा."

हंगाम ऐन भरात होता. दहा-बारा दिवस आम्ही रेटलं. एका सकाळी अकराच्या सुमाराला प्रमिला बोलता बोलता थांबली. समोरचा माणूस हॅलो हॅलो करत होता, तो आवाज माझ्यापर्यंत येत होता. तिनं हेडसेट काढून नीट घडी घातल्यासारखा टेबलावर ठेवला, चप्पल घातली आणि जिना उतरून गेली. मालन तिच्यामागं धावली. प्रमिला शेवटच्या पायरीवर बसली होती, भिंतीला डोकं लावून. मालननं तीनदा हाक मारली, तरी तिनं डोकं उचललं नाही.

वर मी एकटी. दोन्ही खुर्च्यांच्या झडपा माझ्या. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. आता कळेल वत्सलाबाई म्हणजे काय. मी उभी राहून दोन्ही हातांनी प्लग खुपसत होते, काढत होते. त्यातच कोइमतूरची लाइन आली. विट्याकडचा एक मुलगा तिथं सोनं गाळायच्या दुकानात होता. त्यानं पहाटेपासून कॉल लावून ठेवला होता. घरी फोन नव्हता, गावातल्या कापडदुकानात त्याची आई येऊन बसली होती. वडील आजारी होते. मी जोडलं. तीन मिनिटं झाली तेव्हा तो म्हणाला, "बाई, अजून तीन मिनिटं द्या. आबांना दुकानापर्यंत आणत्यात. खुर्चीवरनं आणत्यात. दिसत्यात आईला." मी हो म्हटलं, शेजारच्या एका संपलेल्या कॉलचा प्लग काढायला हात घातला, आणि त्याचाच ओढला.

पुन्हा खुपसला. लाइन गेलेली. कोइमतूर परत लागलं ते दुपारी साडेचारला. कापडदुकानदारानं सांगितलं, आबांना मिरजेला हलवलं, आई सोबत गेली. मी मुलाला तसं सांगितलं. "बरं," तो म्हणाला. "मगाशी आबांचा आवाज आल्यासारखं वाटलं होतं मला." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. पुढं आबांचं काय झालं मला कळलं नाही. ऑपरेटरला कुठल्याच गोष्टीचा शेवट कळत नाही. पण मालन म्हणाली होती तसाच हात चुकीच्या भोकाशी गेला होता, आणि तो हात माझा होता, सहा वर्षं रजा न घेतलेला.

प्रमिलाचा नवरा आला आणि तिला खंडाळ्याला माहेरी घेऊन गेला. दोन महिने ती फारसं बोलत नव्हती, असं नंतर कळलं.

मी त्या आठवड्यात वरच्या ऑफिसला अर्ज लिहिला. हंगामात वेळा बदलण्याची मंजुरी द्यावी, जुन्या ऑपरेटरना थोड्या तासांसाठी घेता यावं, दोन तासांनी बदली माणूस असावा, आठवड्याची सुट्टी ठरलेली असावी. साहेबांकडं पडून असलेल्या चिठ्ठ्या घेऊन मालनच्या रेघांचे आकडे काढले आणि व्यवस्थित तक्ता केला. माझं अक्षर चांगलं होतं. खाली सही केली, वत्सला. कुणाच्या डोक्यातून हे निघालं त्याचा उल्लेख कुठंच केला नाही. लिहिताना दोनदा पेन थांबला, हे मला नक्की आठवतं. दोनदा थांबला आणि दोनदा पुढं गेला.

एप्रिलमध्ये मंजुरी आली. पुढच्या वर्षी आजूबाजूच्या तीन-चार गावांतही तसंच झालं आणि लोक त्याला वत्सलाबाईंची पद्धत म्हणायला लागले. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी सोबत अर्जाची नक्कल होती. मालननं ती वाचली. तक्त्यावर तिचं बोट फिरलं.

"माझ्या चिठ्ठ्या कुठं हायत ताई?"

"फेकल्या. पेन्सिल पुसट झाली होती. पुन्हा लिहून काढलं मी."

तिनं कागद परत दिला. "तुमचं अक्षर लय सुरेख हाय," ती म्हणाली.

जूनमध्ये तिनं साताऱ्याला बदली मागून घेतली. गावाजवळ जायचं म्हणाली. निरोपाला मी तिला साडी दिली आणि तिनं माझ्या पाया पडून ती घेतली. प्रमिला तोवर परतली होती. ती मालनच्या गळ्यात पडून रडली. मी चौकशीच्या टेबलाशी उभी राहून चिठ्ठ्या लावत होते.

पुढं आपोआप लागणारे फोन आले, बोर्ड उचलून नेला, आम्ही निवृत्त झालो. गेल्या दिवाळीत प्रमिलाची पंच्याहत्तरी होती, सांगलीला तिच्या मुलाच्या घरी. माणसं जमली होती. प्रमिलानं सगळ्यांसमोर माझा हात धरला आणि म्हणाली, "या नसत्या तर मी नोकरीत टिकले नसते. कदाचित जगातही टिकले नसते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मला ते सहन झालं नाही. माणसं जेवायला उठल्यावर मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि सांगितलं. पद्धत मालनची. तक्रार माझी. अर्जात नाव खाल्लं तेही मीच.

प्रमिला पलंगावर बसली. तिला धक्का बसल्यासारखं काही दिसलं नाही.

"मला माहीत होतं ताई. मालनची पत्रं यायची मला. तुम्हाला काही म्हणायचं नाही अशी शपथच घातली होती तिनं. म्हणायची, ताईंजवळ दुसरं काय हाय, ऱ्हाऊ दे त्यांच्याकडं."

"कुठं असते ती आता?"

"तुम्हाला कुणी कळवलं नाही का?" प्रमिलानं विचारलं. "तीन वर्षं झाली तिला जाऊन."

तिनं कपाटातून एक पिशवी काढली. निळी अंतर्देशीय पत्रं, मग पोस्टकार्डं, शेवटी शेवटी पाकिटं. तीस-पस्तीस वर्षांची. वाचायला हवीत का, म्हणाली. मी नको म्हटलं. वरच्या पत्रावरचं अक्षर तेवढं पाहिलं. वाकडंतिकडं, पेन्सिलीनं रेघा माराव्यात तसं.

सांगलीहून बसनं परत येताना मला मालन गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं. ते झालंही, पण दोन दिवसांनी, भाजी चिरताना. त्या दिवशी बसमध्ये मात्र डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती काही केल्या जाईना. इतकी वर्षं तिनं इतकी पत्रं लिहिली, प्रत्येकावर पत्ता घातला, आणि एकावरही माझं नाव नव्हतं.